दारात टांगलेला बगळा

आधी भाभींचं सांगते, मग काय झालं ते. नाव घालून लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि मंगळवार पेठेत नावाची गरजही नाही. गळ-तंगूस विकणारी बाई म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडतो. नवरा गेल्यावर मासे धरायच्या सामानाचं हे दुकान त्यांनी बंद पडू दिलं नाही. माल आणायला दीर, पण गल्ल्यावर त्या. मी त्यांच्या पायरीवर उभी राहिले तेव्हा त्यांनी मला आत घेतलं, दुकानामागची खोली दिली. आज कोल्हापुरात माझी चूल पेटते ती त्यांच्यामुळं. एवढं आधी लिहून ठेवलं, आता पुढचं.

मी मूळची भंडाऱ्याकडची. तिकडं तळी फार, आणि आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. आठवीत शाळा सुटली. आई बाजारात मासे घेऊन बसायची, बाप पाण्यावर, धाकट्यांना बघायला मी. लग्न झालं, नवरा ट्रकवर लागला, ट्रकचा मालक कोल्हापूरचा निघाला, म्हणून आम्ही इथं. तो कधी बेळगावात, कधी हैदराबादेत, आणि मी एकटी खोलीवर. ती पहिली खोली मालकानं पाडायला काढली. दुसरी मिळेना. जिथं जाईन तिथं प्रश्न: गाव कुठलं, आडनाव कुठलं, नवरा घरी असतो का, नसतो तर का नसतो. उत्तरं देता देता माझीच मला शंका यायला लागली.

भाभींनी एकच विचारलं, "गळ बांधाय येतोय का?"

आमच्याकडं त्याला गरी म्हणतात, पण हातात वस्तू दिल्यावर नावाचं काय. मी बांधून दाखवला. त्यांनी तो ओढून बघितला आणि खोलीची किल्ली काढून दिली. काम असेपर्यंत खोली, असं ठरलं. म्हणजे काम गेलं तर खोलीही गेली, हे मी लगेच मनात धरून ठेवलं. मला तशी सवयच आहे. कुणी चांगलं वागलं की ते कधी संपणार याचा विचार आधी येतो. कोपऱ्यात एक कापडी पिशवी मी कायम रिकामी ठेवायचे, वेळ आलीच तर कपडे भरायला.

दुकानात बसायला लागले आणि कळलं, की इथं कुणी नुसतं "तंगूस द्या" म्हणत नाही. तंगूस म्हणजे गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा. आमच्याकडं जाड का बारीक एवढं विचारलं की झालं. माझ्या बापाला बाजारातली हिरवी रीळ आवडायची, पण नाही मिळाली तर जी मिळेल ती घेऊन तो पाण्यावर जायचा. कोल्हापुरात तसं नाही. माणूस गाडीवरूनच आपली रीळ सांगतो, आणि ती नसेल तर पायरी न चढता वळतो. कंपन्यांची नावं परदेशी, ती कुणी वाचत नाही. वरचं चित्र नाहीतर रंग, त्यावर सगळं चालतं.

मलकापूरकडून येणाऱ्यांना पांढरी लागते, केसासारखी बारीक. त्यांच्याकडं डोंगरातलं नितळ पाणी, दोरा माशाच्या नजरेला पडला की संपलं. इचलकरंजीचे मागावाले दोरा नखावरून सरकवत नेतात, सुताची पारख तीच त्याला लावतात. गडहिंग्लजच्या पलीकडून येणारे मला अक्का म्हणतात. त्यांना दोरा कुठलाही चालतो, पण गळ लाल पाकिटातले काळेच पाहिजेत. दुसरे दाखवले की "बेडा, अक्का," म्हणजे नको, म्हणून हात हलवतात.

आणि कसबा बावड्याला बगळा.

पिवळा पुठ्ठा, त्यावर अडकवलेली रीळ, आणि पुठ्ठ्यावर एका पायावर उभा पांढराशुभ्र बगळा. दोरा जाडसर, मातकट. पंचगंगेच्या गढूळ पाण्याला हाच, असं बावडेकर सांगतात. खरं-खोटं नदीला माहीत. एका घरात बगळा आला की बाप, चुलता, पोरगा सगळे बगळ्याचे. एखाद्यानं चुकून दुसरी रीळ नेली तर बंधाऱ्यावर त्याच्या शेजारी कुणी बसत नाही, निदान सांगतात तरी तसं.

दुकानाची एक रीत आहे, भाभींच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची. दाराच्या चौकटीत लोखंडी खुंटी ठोकलेली आहे. गिऱ्हाइकानं हातभर दोरा सोडायचा, ओठात धरून ओला करायचा, खुंटीला फास मारायचा आणि ताकद लावून ओढायचा. मगच पैसे. मलकापूरचा माणूस खुंटीशिवाय काही नेत नाही. बावडेकर मात्र बगळा कधीच ओढून बघत नव्हते. बगळ्याला खुंटी लावणं म्हणजे घरच्या माणसाची झडती घेतल्यासारखं. दारातून हात घालायचे, वरची रीळ काढायचे, आणि गाडीला किक.

दारातून, कारण बगळे दारात मीच टांगले होते.

दुकान जुनं आहे. मागची भिंत ओल धरते. मी आले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, तरी कपाट उघडलं की कुबट वास यायचा. माझ्या घरी सामान ओलीत राहिलं की आई सगळ्यांना फैलावर घ्यायची. जाळं, दोर, पिशव्या, सगळं रोज उन्हात. उन्हानं सामान टिकतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तेव्हाची आमची जाळी सुताची होती, नायलॉनची नव्हती, हे मात्र डोक्यात आलं नाही. जास्त खपणारा माल म्हणून मी बगळ्यांची एक माळ करून दारावर सोडली. दुपारनंतर दारावर ऊन येतं. पिवळे पुठ्ठे उन्हात असे चमकायचे, की रस्त्यावरून जाणारा मान वळवून बघायचा. भाभी म्हणाल्या, छान दिसतंय. त्या एका वाक्यावर माझा आठवडा गेला.

हिवाळ्यात बावड्याचं गिऱ्हाईक कमी, माळ फारशी उतरली नाही. मग उन्हाळा तापला. नदी उतरली, डोहात मोठे मासे अडकले, आणि बावड्याची माणसं बंधाऱ्यावर मुक्कामाला गेल्यासारखी बसायला लागली. सगळं नेहमीसारखं होतं. मग एक दिवस भाभींचे दीर हातात मोबाईल घेऊन दुकानात आले. गळ टाकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात कुणी किती मोठा मासा धरला याचे फोटो फिरत असतात. त्यावर आवाज रेकॉर्ड करून आलेला एक निरोप त्यांनी आम्हाला ऐकवला.

आवाज मी ओळखला. बावड्यातले मामा. कारखान्यातून रिटायर झालेले, सगळ्या बंधाऱ्याचे मामा. "भाभीच्या दुकानात डुप्लिकेट बगळा आलाय," ते म्हणत होते, "धा जणांच्या म्होरं कटला मासा घालवला माझा. काठीबी वाकली न्हाय आन् दोरा तुटला की. आयतवारी आमी समदी येतोय, बगतोच."

त्याखाली आणखी तीनचार जणांनी आपापल्या तुटलेल्या दोऱ्याची कहाणी घातली होती. बगळा वाईट निघाला असं एकानंही म्हटलं नव्हतं. बगळा तुटूच शकत नाही, म्हणजे तो बगळा नव्हताच, म्हणजे दुकानानं फसवलं, असा सगळ्यांचा हिशोब.

दीर रागानं लाल झाले होते. मुंबईहून माल त्यांनी आणला होता, डुप्लिकेट म्हटलं की बोट त्यांच्याकडं जात होतं. ते भाभींशी बोलत होते पण ऐकवत मला होते. माल मी चोख आणलाय. मग दुकानात तो बदलतंय कोण? आपल्या घरातलं कुणी न्हाय. बाहेरची बाई दिवसभर मालाला हात लावते, खरा बाहेर विकून खोटा टांगत नसेल कशावरून. रविवारी माणसं येतील तेव्हा सरळ सांगायचं, जिनं केलं तिला काढली. सोमवारी खोली रिकामी.

भाभी एवढंच म्हणाल्या, "रविवार येऊ द्या."

त्यात माझी बाजू होती की नव्हती, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ते दिवस कसे गेले काय सांगू. पायरीवर चप्पल वाजली की हातातलं टाकून मी दाराकडं बघायचे. गिऱ्हाईक रीळ हातात घेऊन जरा जास्त वेळ बघत राहिलं की वाटायचं, हा पण. बावड्याचा एकही माणूस फिरकला नाही. नवऱ्याला फोन केला तर तो विजयवाड्याच्या पुढं कुठं तरी, गाडी खाली व्हायची होती. घाबरू नको म्हणाला. मी म्हटलं, मी कुठं घाबरतेय.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. हाताला काम पाहिजे म्हणून मी दारातली माळ काढून फडक्यानं पुसायला घेतली. पुठ्ठे पुसता पुसता बगळा दिसेना. म्हणजे चित्र होतं, पण पिवळा रंग उडून पुठ्ठा जवळजवळ पांढरा झाला होता, आणि पांढऱ्यावर पांढरा बगळा मिसळून गेला होता. मला वाटलं डोळ्यांवर अंधारी आली. पुठ्ठा उलटा केला. मागची बाजू, दाराला टेकलेली, होती तशी पिवळीधमक.

कपाटात त्याच मालातला एक खोका न उघडलेला होता. त्यातली रीळ काढली. बगळा ताजा, चोच केशरी. दोन्ही रिळींचे दोरे बोटांत धरले. कपाटातला मऊ, वळवला की वळणारा. दारातला कोरडा, काडीसारखा.

मी दोन्ही खुंटीला लावले. दारातला माझ्या नुसत्या हातानं तुटला. जोर लावायच्या आधीच. कपाटातल्याला लोंबकळले तरी तो बोटात रुतला, तुटला नाही. तर्जनीवर त्याची रेघ उमटली, ती बघत मी तिथंच उभी राहिले. कुणी काही बदललं नव्हतं. माल चोख होता, दीर खरं बोलत होते. मामाही खरं बोलत होते. उन्हात टांगलं होतं मी.

आधी जाऊन पिशवी भरली. मग भाभींकडं गेले.

त्या वरच्या घरात मेथी निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घाबरले की माझी तिकडची बोली बाहेर पडते, इथल्या माणसांना अर्धी कळत नाही. भाभींना कळत होती की नाही कोण जाणे, त्यांचे हात थांबले नव्हते.

"कपाटातली तुटली न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही जी."

"म्हंजे माल खरा."

"माल खरा जी. मीच..."

"उद्या तोंड धुऊन बस," त्या म्हणाल्या, "रडका चेहरा गल्ल्यावर बरा दिसत न्हाय."

ठेवते म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मेथीची जुडी पुढं सरकवली, मी बसून निवडायला लागले. खाली आल्यावर पिशवी उघडायची की तशीच ठेवायची, याचाच विचार करत राहिले. तशीच ठेवली.

रविवारी ते आले. मामा आणि आणखी पाचसहा जण, मोटारसायकली गल्लीत आडव्या लावून. दीर आधीच दाराशी हाताची घडी घालून उभे. त्याच वेळी मलकापूरचे एक नेहमीचे गिऱ्हाईक पांढरी रीळ न्यायला आले होते, तेही काय चाललंय बघायला थांबले. भाभींनी सगळ्यांना चहा सांगितला. मामांनी कप हातात घेतला नाही.

भाभींनी दारातल्या माळेतली एक रीळ काढून त्यांच्यापुढं धरली. "मामा, वडा."

"बगळा आमी वडत न्हाय, भाभी. ठाव हाय तुमास्नी."

"आज वडा."

मामांनी खुंटीला फास मारला. दोरा असा धरला होता, की जणू कुणाचा दुखरा हात धरलाय. ओढला. टचकन तुटला. दिरांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती.

भाभींनी कपाटातली दुसरी दिली. मामांनी ओढली. मग आणखी ओढली. पाय मागं रोवून ओढली, खुंटी कुरकुरली, दोरा तळव्यात रुतला, आणि तसाच राहिला.

"ह्यो खरा," मामा म्हणाले. "मग त्यो?"

"ते हिला विचारा," दीर म्हणाले.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. आणि तेवढ्यात भाभी बोलल्या, रोज गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात.

"त्योबी खराच, मामा. एका खोक्यातला हाय. त्याला उन्हानं खाल्लंय. दिवाळीपासनं दारात टांगलाय, आन् मला रोज दिसत हुता. दार माझं, दारातलं ऊनबी माझंच. समद्यांच्या रिळी बदलून देते."

मामा रीळ हातात फिरवत राहिले. उडालेला पुठ्ठा आणि ताजा पुठ्ठा, एकदा हा, एकदा तो. शेवटी पायरीवर बसले.

"म्हंजे बगळा खोटा न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय."

"आठ दिस झालं, जेवान गोड लागंना. म्हटलं, त्यानंबी दगा दिला." मग त्यांनी चहा घेतला.

आता मलकापूरच्या पाहुण्यांना राहवलं नाही. खुंटी काय म्हशी बांधाय ठोकलीया व्हय, असं त्यांनी विचारलं. बावड्यातल्या एकानं सांगितलं, पावणं, तुमी तुमचं केस घ्या आन् वाटंला लागा. सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझा आवाज मला सापडला.

"मीच टांगले होते, मामा," मी म्हटलं. "आमच्याकडं सामान उन्हात ठेवतात. म्हणून."

भाभींनी माझ्याकडं बघितलं. थांबवलं नाही.

"तुमच्याकडं म्हंजे कुटं, वैनी?" मामांनी विचारलं.

"भंडाऱ्याकडं."

आता ओरडतील, असं वाटलं. मामांनी कप खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे पुढचं विचारलं. "तितं कुठली वापरत्यात?"

"माझा बाप हिरवी वापरायचा."

"हिरवी," मामा म्हणाले. इतक्या कणवेनं, जणू मी घरातल्या आजारपणाचं सांगितलं. मग मान हलवून बाकीच्यांकडं बघितलं. "तरीच."

गल्लीभर हशा झाला. मी पण हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते पदरानं पुसलं. रडका चेहरा नको म्हणून सांगितलं होतं, तरी.

ते गेल्यावर दीर भाभींना म्हणाले, उद्याचं काय? भाभी म्हणाल्या, उद्या तिला कपाट रिकामं करून भिंतीपासनं पुढं वडायचं हाय, तुमी चुना आणून द्या. एवढंच. दिरांनी चुना आणला. माझ्याशी ते अजूनही थेट बोलत नाहीत, काही पाहिजे असलं तर भाभींना सांगतात आणि मी ऐकते. त्यांचा राग मला कळतो. आठ दिवस त्यांच्याकडंही लोकांनी चोर म्हणून बघितलं होतं. खोलीवर जाऊन मी पिशवीतले कपडे काढून खुंटाळ्याला लावले. पिशवी धुऊन वाळत घातली. उन्हात.

आता बगळे कपाटात, अंधारात असतात. दारात नुसते रिकामे पुठ्ठे टांगलेत, उडालेल्या रंगाचे. बावडेकरांना त्यावरूनच दुकान ओळखू येतं. आणि ते आता बगळा ओढूनही बघतात, फक्त मलकापूरचं कुणी दुकानात नसेल तेव्हा, आणि गल्लीकडं पाठ करून. मामा तर ओढल्यावर दोरा हळूच कुरवाळतात, माफी मागितल्यासारखा.

त्या दिवशी भाभींनी दार माझं, ऊनही माझंच, असं म्हटलं नसतं तर मी कुठं असते, हा विचार अजून अधूनमधून येतो. मी त्यांना एकदा विचारलं होतं, की इतकी वर्षं सगळ्यांच्या आवडी सांभाळताय, तुमची आवडती रीळ कुठली. त्या म्हणाल्या, मला कुठं मासा धराय जायचाय? तेव्हा कळलं, की ह्या बाईनं आयुष्यात एकदाही पाण्यात गळ टाकलेला नाही. लग्न होऊन आल्या, दुकानात बसल्या, आणि पाणी कायम दुसऱ्यांच्या बोलण्यातलं.

त्यांचे गुडघे आता दुखतात. तरी मी ठरवलंय. नवऱ्याची गाडी कधी तरी तिकडचा माल भरेल, तेव्हा भाभींना पुढं केबिनमध्ये बसवून आमच्या तळ्यावर नेईन. पाळीवर, म्हणजे बांधावर, चिंचेखाली सावलीत बसवीन, बापाची वेळूची काठी हातात देईन आणि गळ माझ्या हातानं बांधीन. रीळ मात्र त्यांनी सांगायची. बगळा, पांढरी, नाहीतर माझ्या बापाची हिरवी, त्या दिवशी त्यांना एक तरी आपली म्हणून सांगावीच लागेल. सांगतील ती मी आधीच कपाटात, अंधारात जपून ठेवलेली असेल. भाभी, एवढं तरी मी फेडीन.